परवचा आणि पुढील इयत्ता

मुलाची पुढील इयत्तेच्या गणिताची तयारी करून घेणे हे आज उन्हाळ्याच्या सुटीचे आणि खासगी शिकवणीचे काम होऊन बसले असले, तरी महाराष्ट्रातील गृहस्थाने हे कर्तव्य पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरीच, आणि तेही सायंकाळच्या नित्यनेमाला जोडून, पार पाडलेले आहे. दिवेलागण झाली, मुलांनी हातपाय धुऊन देवापुढे शुभंकरोती म्हटली, की तेथेच मांडी घालून त्यांनी परवचा म्हणावयाचा: तिथी, वार, महिने, नक्षत्रे, मग बेपासून तीसपर्यंतचे पाढे, आणि त्यांच्यामागून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी, म्हणजे पाव ते साडेतीनपर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढे. वडीलमाणसे आपापली कामे करीत असत, पण कान मुलांकडे असे; एखादा आकडा चुकला की स्वयंपाकघरातून किंवा ओसरीवरून तत्काळ दुरुस्ती येई.

या परिपाठाचे मूळ पंतोजींच्या शाळेत आहे. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत ही शाळा भरे. तेथे धूळपाटीवर अक्षरे आणि अंक गिरवून घेत, थोरली मुले धाकट्यांना पाढे सांगत, आणि दिवस संपताना सर्वांनी एका सुरात उजळणी म्हणावयाची असा शिरस्ता असे. पेशवाई संपून तीनच वर्षे झाली होती तेव्हा, म्हणजे 1821 साली, मुंबई सरकारच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट या सभासदाने आपल्या टिपणात असे नमूद केले, की लहानमोठी शाळा नाही असे गाव या मुलखात क्वचितच आढळते, आणि शेतकरी व लहान व्यापारी आपला हिशेब बिनचूक ठेवण्यास समर्थ असतात. गावोगावच्या अशा विद्येचे प्रयोजन व्यावहारिक होते: महसुलाचा वसूल, सावकाराचे व्याज, कीर्द, खतावणी आणि तेरीज ही ज्याला करता येत त्याला कचेरीत कारकुनी आणि पेठेत विश्वास मिळे.

आता या पाढ्यांचे काम किती सूक्ष्म होते ते एका उदाहरणाने पाहू. रुपयाचे आणे सोळा. दीड रुपया शेर या दराने सव्वातीन शेर तुपाची किंमत किती, असा प्रश्न आजोबांनी नातवाला घातला, तर त्याला पाटी घ्यावी लागत नसे. दिडकीतील तिसरा आकडा साडेचार, म्हणजे चार रुपये आठ आणे. दीड रुपयाचा पाव हिस्सा सहा आणे. एकूण चार रुपये चौदा आणे. या उत्तरात मुलाने सव्वातीनाचे तीन आणि पाव असे दोन भाग केले, प्रत्येकाला दीडने गुणले, आणि गुणाकारांची बेरीज केली. पुढे बीजगणितात कंसातील प्रत्येक पदाला बाहेरील पदाने गुणावयाचे असते, ती क्रिया त्याने नकळत येथेच केली होती. तसेच, डझनाची किंमत जितके आणे तितक्या पया एका नगाच्या, ही गुरुकिल्ली. आण्याच्या पया बारा आणि डझनाचे नगही बारा, एवढे कारण त्यामागे आहे. ते ज्याला उलगडून सांगता आले, त्याला प्रमाणाचे मर्म त्याच वेळी हस्तगत झाले.

इंग्रजी अमलात शाळेचे स्वरूप पालटले. 1820 नंतरच्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी हटन यांच्या इंग्रजी गणितग्रंथाच्या आधारे मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. 1855 साली शिक्षणखाते स्थापन झाले. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञाने शालेय अंकगणित लिहिले. आणि व्यवहारी अपूर्णांक, दशांश अपूर्णांक, त्रैराशिक, सरळव्याज व चक्रवाढ व्याज अशा पायऱ्यांनी इयत्तांचा क्रम ठरला. तथापि घरातील परवचा त्यामुळे बंद पडला नाही, कारण नव्या पुस्तकातील उदाहरणे रुपये-आणे-पया आणि मण-शेर यांतच असत आणि जुन्या पाढ्यांवाचून ती जलद सुटत नसत. गंगाधरपंत टिळक हे पेशाने शिक्षक, पुढे शिक्षणखात्यातील अधिकारी आणि त्रिकोणमितीवरील मराठी पुस्तकाचे कर्ते. त्यांनी आपल्या मुलाकडून संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांची तयारी घरीच करून घेतली, आणि त्यामुळे बाळ गंगाधर टिळक शाळेतील गणितात वर्गाच्या पुढे असत. त्याच टिळकांना पुढे डेक्कन कॉलेजात छत्रे यांच्यासारखे गुरू लाभले, आणि स्वतः टिळकांनीही गणित शिकविले.

या परंपरेचे गुण सांगताना तिचे दोष झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पंतोजींची छडी निर्दय असे. पाठांतराचे कारण विचारण्यास मुलाला मुभा क्वचितच मिळे. आणि मुख्य म्हणजे हे सर्व बहुतांशी विशिष्ट जातींच्या मुलग्यांपुरते मर्यादित होते. 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली, तेव्हा जे दार किलकिले झाले ते पूर्णपणे उघडण्यास फार काळ लागला. ज्या घरात आईने स्वतः कधी पाटी धरली नव्हती, त्या घरात परवचाची चूक दुरुस्त करणारे कोणीच नसे, आणि तेथील मूल शाळेत मागे पडले तर दोष त्याच्या बुद्धीला लावला जाई.

1957 च्या 1 एप्रिलला दशमान नाणेपद्धती सुरू झाली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. 1958 च्या ऑक्टोबरापासून मेट्रिक वजने येऊ लागली. आणे, पया, शेर, मण हे व्यवहारातून गेले, आणि औटकी व अडीचकी यांचे प्रयोजनही त्यांच्याबरोबर ओसरले. हा बदल इष्टच होता. दशांशाने हिशेब सुकर झाला आणि अनेक पोरांचा जाच वाचला. परंतु त्याबरोबरच अपूर्णांकाशी असलेली घरगुती ओळख गेली, आणि तिची जागा भरून काढण्याचा विचार मात्र कोणी फारसा केला नाही.

म्हणूनच सहावीतून सातवीत जाणाऱ्या मुलाच्या हाती पालक जेव्हा मे महिन्यातच पुढील वर्षाचे पुस्तक देतात, तेव्हा त्यांनी जुन्या घराचा क्रम लक्षात घ्यावा. परवचा पुढचे काहीच शिकवीत नसे, मागचे पक्के करीत असे. आणि शेकडेवारी, गुणोत्तर, समीकरण यांत अडलेल्या मुलाची अडचण तपासली, तर ती बहुधा मागे, पावात आणि पाऊणात, सापडते. दररोज पंधरा मिनिटे, छडीवाचून आणि कारण विचारण्याची पूर्ण मोकळीक देऊन, किराण्याच्या यादीतील पाव किलो, दीड लिटर, पाऊण डझन यांचे तोंडी हिशेब करून घेतले, आणि प्रत्येक उत्तरानंतर "कसे काढलेस ते सांग" एवढेच विचारले, तर जुन्या परवचातील उत्तम ते सर्व मुलाला मिळेल. मुलीला हा प्रश्न मुलाइतक्याच आवर्जून विचारला जावा, आणि ज्या घरात विचारणारे कोणी नाही तेथे शेजाऱ्याने वा शिक्षकाने ती जागा घ्यावी, एवढे झाले तर पूर्वजांच्या या शिस्तीतील जुना अन्यायही भरून निघेल.