फिनिक्स पक्षी आणि न मरणारे हृदय

राखेतून पुन्हा जन्म घेणाऱ्या फिनिक्स पक्ष्याची गोष्ट आपण वर्गात सांगतो. इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने या पक्ष्याची हकीकत लिहून ठेवली आहे. इजिप्तमधील हेलिओपोलिसचे लोक त्याला म्हणाले, की हा पक्षी दर ५०० वर्षांनी आपल्या मृत पित्याचे शव घेऊन सूर्यमंदिरात येतो. या हकिकतीत आगीचा उल्लेख नाही. ती पुढच्या लेखकांची भर. हिरोडोटसने मात्र स्पष्ट नोंदवले, की पक्षी आपण केवळ चित्रात पाहिला आणि ही कथा आपल्याला पटत नाही.

आम्हा संशोधकांना हा संशय नेहमीच सुचला असे नाही. १९१२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अ‍ॅलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयाच्या पेशी काचपात्रात वाढवण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी त्यांना रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पेशी १९४६ पर्यंत, म्हणजे कॅरेल यांच्या मृत्यूनंतरही दोन वर्षे, वाढवल्या गेल्या. त्यावरून पेशी मुळात अमर असते, असे मानले जाऊ लागले. इतरांच्या पेशी वाढायच्या थांबल्या, की ते आपलेच काही चुकले असे समजत.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियातील लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी वेगळा प्रश्न विचारला. चूक हाताची, की पेशीच थकते? त्यांनी अनेकदा विभागलेल्या पुरुषाच्या पेशी आणि कमी विभागलेल्या स्त्रीच्या पेशी एकाच पात्रात वाढवल्या. द्रव तोच, हात तेच. काही काळाने केवळ स्त्रीच्या पेशी उरल्या. म्हणजे दोष द्रवाचा नव्हता. सामान्य मानवी पेशींची संख्या सुमारे ५० वेळा दुप्पट होते आणि मग वाढ थांबते.

मग कॅरेल यांच्या पेशी जगल्या कशा? त्यांना कोंबडीच्या गर्भाचा अर्क घातला जाई. त्यातून दर वेळी ताज्या पेशी पात्रात जात असाव्यात, असा तर्क आहे. जुना पक्षी जगत नव्हता, नवे पक्षी येत होते!

काचपात्रात अमर्याद वाढणाऱ्या मानवी पेशी १९५१ मध्ये मिळाल्या, पण त्या कर्करोगाच्या होत्या. शरीराचे नियंत्रण झुगारणाऱ्या त्या पेशींनीच रुग्णाचा बळी घेतला होता.

फिनिक्सची गोष्ट वर्गात जरूर सांगावी. पण एखाद्या मुलाने “तो कोणी पाहिला?” असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. कॅरेल यांच्या पेशींबद्दल हाच प्रश्न नेटाने विचारायला आम्हाला जवळजवळ ५० वर्षे लागली.