कर्करोगावरील उपचारांत धातूंचे अब्जांश कण

कर्करोगाच्या उपचारासाठी सोने, लोह, हॅफ्नियम आदी धातूंच्या किंवा त्यांच्या ऑक्साइडांच्या अतिसूक्ष्म कणांचा केला जाणारा वापर हे अब्जांश तंत्रज्ञानातील एक संशोधनक्षेत्र आहे. या कणांचा आकार साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. अमेरिकेत १९७८ मध्ये मान्यता मिळालेले सिसप्लॅटिन हे औषध प्लॅटिनमयुक्त असले, तरी ते विरघळणारे संयुग असल्याने या प्रकारात मोडत नाही.

कार्य

इतक्या लहान आकारात धातूचे गुणधर्म पालटतात. पाण्यात तरंगणारे सोन्याचे सूक्ष्म कण पिवळे न दिसता माणकासारखे लाल दिसतात. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये याचा अभ्यास केला होता. कणांची घडण बदलल्यास ते समीप अवरक्त प्रकाश शोषतात. हा प्रकाश त्वचेखाली काही अंतर शिरतो. गाठीतील कण त्याने तापतात व भोवतालच्या पेशी मरतात. लोह ऑक्साइडाचे कण प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रात तापतात. हॅफ्नियम ऑक्साइडाचे कण मात्र क्ष-किरण अधिक शोषून किरणोपचाराचा परिणाम गाठीतच वाढवतात.

पुण्यातील संशोधन

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पातीचा अर्क वापरून सोन्याच्या क्षारापासून त्रिकोणी चकत्या तयार केल्या. परसातील वनस्पतीने घडवलेल्या या चकत्या समीप अवरक्त प्रकाश शोषतात. हे संशोधन २००४ मध्ये 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आघारकर संशोधन संस्थेत लॅन्थेनम, स्ट्रॉन्शियम व मँगनीज यांच्या ऑक्साइडाचे कण उष्णतोपचारासाठी अभ्यासले गेले. ठरावीक तापमानानंतर अशा कणांचे चुंबकत्व क्षीण होते, त्यामुळे ते आपोआप अधिक तापायचे थांबतात. निरोगी ऊती भाजू नयेत यासाठी हा गुण मोलाचा आहे.

रुग्णांवरील वापर

मेंदूच्या अर्बुदासाठी लोह ऑक्साइडाच्या कणांना युरोपात २०१० मध्ये मान्यता मिळाली. मात्र त्या उपचारापूर्वी दातांत भरलेला धातूही काढावा लागे. हॅफ्नियम ऑक्साइडाला मृदू ऊतींच्या सार्कोमासाठी २०१९ मध्ये युरोपीय मान्यता मिळाली. संबंधित चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी गाठ जवळजवळ पूर्णतः निर्जीव झाल्याचे प्रमाण केवळ किरणोपचाराने ८ टक्के, तर कणांसह १६ टक्के आढळले.

मर्यादा

खरी अडचण कण गाठीपर्यंत पोहोचवण्याची आहे. २०१६ मधील एका आढाव्यानुसार शिरेतून दिलेल्या अब्जांश कणांपैकी मध्यकानुसार अवघे ०.७ टक्के गाठीत पोहोचतात. पुष्कळसे यकृत व प्लीहेत अडकतात. म्हणूनच वरील दोन्ही मान्यताप्राप्त उपचारांत कण थेट गाठीत टोचले जातात. सोने शरीरात सहसा विघटित होत नाही, त्यामुळे दीर्घकालीन परिणामांचा प्रश्न उरतोच. सुवर्णभस्मात अब्जांश आकाराचे कण आढळतात हे खरे; पण तेवढ्यावरून ते कर्करोग बरा करते असे ठरत नाही.

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील रुग्ण पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात गेला, तरी त्याच्यावरील प्रमाण उपचार शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे हेच असतात. 'नॅनो' म्हणून मिळणारी काही कर्करोगविरोधी औषधे मेदाच्या वा प्रथिनाच्या कणांची असतात, धातूची नव्हेत. नवे उपचार चाचणीच्या स्वरूपात दिल्यास २००९ पासून तिची भारतीय चाचणी नोंदवहीत नोंद बंधनकारक आहे. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते.