मोटरमन उतरला, पण केव्हा?

नोएडाच्या बोटॅनिकल गार्डन स्थानकावर मी मुद्दाम पहिल्या डब्यात चढतो. गाडी सुटते, पण ती हाकणारा कुणी नसतो.

दिल्ली मेट्रो २४ डिसेंबर २००२ला शाहदरा ते तीस हजारी सुरू झाली. तेव्हा प्रमुख होते आपल्या कोकण रेल्वेचे ई. श्रीधरन. त्या गाडीला मोटरमन लागायचाच.

२५ डिसेंबर २०१७ला मजेंटा मार्गाचा पहिला टप्पा उघडला. इथल्या गाडीतला संगणक रेडिओवरून नियंत्रण कक्षाशी सतत बोलतो. डेपोत गाडी 'जागी' करणं, तिची तपासणी, डब्यातले कॅमेरे पाहणं, काही बिघाड सोडवणं, हे सगळं दुरूनच करता यावं अशी ही रचना.

तरीही मोटरमन तीन वर्षं केबिनमध्येच होता. चाचण्या चालू होत्याच. पण नियमांतही चालकाविना गाडीला जागा नव्हती. डिसेंबर २०२०मध्ये नियम बदलले, आणि २८ तारखेला देशातली पहिली चालकरहित मेट्रो सुरू झाली. तेव्हाही मदतीला गाडीत कर्मचारी ठेवलाच.

मंडळी, दुरून ब्रेक लावणं यंत्राला जमतं. पण चुकलं तर उत्तर कोण देणार, हे माणसांनाच लिहून ठेवावं लागतं. म्हणून ती तीन वर्षं मला वाया गेलेली वाटत नाहीत.