तळटीप २ : कुरणातले वरंबे

लेखिकेने इथे वर्णिलेले लांबच लांब उंचवटे नैसर्गिक नाहीत. ती मध्ययुगीन नांगरट आहे. इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या खुल्या शेतांत एकेका कुटुंबाच्या वाट्याला विखुरलेल्या अरुंद पट्ट्या येत. तिथला जड नांगर माती फक्त उजवीकडे पलटत असे. नांगऱ्या पट्टीच्या मध्याभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फेरे घेई, त्यामुळे माती दर हंगामाला मध्याकडे सरके. पिढ्यान्‌पिढ्या असे झाल्यावर मधोमध वरंबा चढला, कडांना सऱ्या पडल्या आणि चिकण जमिनीतले जादा पाणी त्यांतून निघून जाऊ लागले. आपल्याकडच्या उसाच्या सरी-वरंब्याशी याची गल्लत करू नये; हे वरंबे कित्येक मीटर रुंद असत. पुष्कळ पट्ट्यांना उलट्या ‘एस’ अक्षरासारखा बाक असतो. मला हाच सर्वांत बोलका पुरावा वाटतो : आठ-आठ बैलांची लांब जुंपणी शेताच्या टोकाला वळवायची, तर आधीपासूनच तिरपे व्हावे लागे.

१५व्या-१६व्या शतकांत मेंढ्या पाळणे फायद्याचे ठरले आणि बरीच शेते कुरणे झाली. गवतावर पुन्हा नांगर फिरला नाही, म्हणून खुणा टिकल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या आणि नंतरच्या नांगरटीने त्यांतल्या फार मोठ्या भागाचा नाश केला, ही हानी भरून येणारी नाही. नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावी खुल्या शेतांची पद्धत आजही चालू आहे. तिकडे जाणाऱ्या वाचकाने हे वरंबे हिवाळ्यात, तिरप्या उन्हात पाहावेत. भर दुपारी ते सहज दिसत नाहीत.

— संपादक