पदपथावरील बिऱ्हाडें

इ. स. १९८१ च्या जुलै महिन्यांत, ऐन पावसाळ्यांत, मुंबईच्या पदपथावरील एक कुटुंब बसगाडींत बसवून दूर तामीळनाडूंतील सेलमकडे रवाना करण्यांत आलें. कुटुंबाचा कर्ता पुरुष मूळचा भूमिहीन शेतमजूर. दुष्काळानें हातचें काम गेलें, म्हणून १९६१ मध्यें तो मुंबईस आला होता. दहिसरच्या एका रासायनिक कारखान्यांत त्याला दिवसाला २३ रुपये मजुरी मिळे. पश्चिम द्रुतगति मार्गाच्या पदपथावर प्लॅस्टिकचा आणि किंतानाचा आडोसा मिळविण्यासाठीं त्यानें तेथल्या दादाला २,५०० रुपये मोजले होते. बायको व तीन मुली सेलमला राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधांत मुंबईस परतला आणि पुन्हां पदपथावरच राहूं लागला.

दुसरा एक गृहस्थ अहमदनगर जिल्ह्यांतील संगमनेरचा. जोडे शिवून तो दिवसाकांठीं सात-आठ रुपये मिळवी. गांवचें घर कोसळलें, तेव्हां १९६९ मध्यें तो मुंबईस येऊन बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठीं त्यानें एका गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लॅस्टिक यांस आणखी ७०० रुपये लागले. १९८० च्या जानेवारींत त्याची झोपडी पाडण्यांत आली. त्यानें ती पुन्हां उभारली.

या दोघांच्या हकीकती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत नमूद झाल्या, त्याचें कारण १३ जुलै १९८१ ची एक घोषणा. मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनीं त्या दिवशीं जाहीर केलें कीं, पदपथावरील सर्व रहिवाशांस हलवून त्यांच्या मूळ गांवीं किंवा शहराबाहेर धाडण्यांत येईल. असलें जिणें माणुसकीस शोभणारें नाहीं आणि पावसाळ्यांत तर तें असह्यच होय, असें समर्थन त्यांनीं केलें. हें वर्णन कोणास खोडून काढतां आलें नसतें. वाद होता तो उपायाचा. छप्पर दुबळें आहे म्हणून तेंहि काढून घ्यावें काय?

या प्रश्नास एक जागतिक पार्श्वभूमि होती. १० डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या घडणींत मुंबईच्या हंसाबेन मेहता यांचा वांटा होता. पहिल्या कलमांतील ‘सर्व पुरुष’ हे शब्द जाऊन ‘सर्व मानव’ असे शब्द आले, ते त्यांच्या आग्रहामुळें. पंचविसाव्या कलमांत अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांसह योग्य राहणीमान हा प्रत्येकाचा हक्क ठरला. १९६६ च्या करारानें या हक्कांस आंतरराष्ट्रीय बंधनाचें रूप दिलें आणि १९७९ मध्यें भारत त्या करारांत सामील झाला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं मुंबईंत बसगाड्या निघाल्या.

पदपथावरील रहिवासी, पत्रकार ऑल्गा टेलिस आणि नागरी हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्था न्यायालयांत गेल्या. १० जुलै १९८५ रोजीं सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पांच न्यायमूर्तींनीं निकाल दिला. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमांत जीविताचें रक्षण सांगितलें आहे. परंतु ज्या साधनानें माणूस जगतो तेंच हिरावल्यास जीवित उरत नाहीं, म्हणून उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कांतच अंतर्भूत आहे, असें न्यायालयानें मानलें. माणसें पदपथावर राहतात तीं काम जवळ असतें म्हणून, आणि आडोसा गेला कीं बहुधा कामहि जातें, हें अनुभवाचें सत्य प्रथमच घटनेच्या भाषेंत उतरलें.

तथापि निकालाची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. पदपथ पादचाऱ्यांसाठीं आहेत, तेथें वस्ती करण्याचा हक्क कोणास नाहीं, असें न्यायालयानें स्पष्ट सांगितलें. १८८८ च्या महापालिका कायद्यांतील ३१४ वें कलम आयुक्तास पूर्वसूचनेवांचून अतिक्रमण हटविण्याची मुभा देतें. तें कलम वैध ठरलें, मात्र सामान्यतः संबंधितांचें म्हणणें ऐकूनच तें वापरावें असा अर्थ लावण्यांत आला. या रहिवाशांस ती संधि मिळाली नव्हती. पण आपणच त्यांचें म्हणणें सविस्तर ऐकलें, एवढ्यावर न्यायालयानें ती उणीव भरून निघाल्याचें मानलें. १९७६ च्या गणनेंत नोंदलेल्यांस पर्यायी जागा द्यावी असें ठरलें. परंतु जागा दिल्यावांचून झोपडी हटवूं नये, अशी अट घातली नाहीं. पावसाळ्याचा विचार करून ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत तेवढें अभय मिळालें.

त्याच वर्षीं मुंबईंतील ‘स्पार्क’ या संस्थेनें पदपथावरील सुमारें ६,००० कुटुंबांची पाहणी केली आणि अहवालास ‘आम्ही अदृश्य’ अशा अर्थाचें इंग्रजी नांव दिलें. पुढें १९९७ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनें सक्तीच्या निष्कासनाविषयीं पुरेशी सूचना, खरीखुरी विचारविनिमयाची संधि आणि बेघर होणाऱ्यांसाठीं पर्यायी निवारा यांची अपेक्षा नमूद केली.

पॅरिसचा जाहीरनामा आणि मुंबईचा पदपथ यांमधील अंतर एका निकालानें मिटलें नाहीं. परंतु तोंवर जो केवळ वाटेंतला अडथळा म्हणून मोजला जात होता, त्याला काम आहे, कुटुंब आहे आणि सांगण्यासारखें कांहीं आहे, हें देशाच्या सर्वोच्च न्यायपीठास लिहून ठेवावें लागलें. सेलमला पोहोंचवून परत आलेल्या त्या मजुरानें आपल्या कृतीनें जें सांगितलें, त्याचाच हा कायद्यांतील अनुवाद होता: पोटाच्या वाटेपासून दूर नेलेला निवारा हा अर्धाच निवारा होय.