जुनी मुंबई खरोखर निवांत होती का? फोर्टची छायाचित्रे आणि पोस्टकार्डे वाचताना

१/
‘किती निवांत होती आपली मुंबई!’ फोर्ट भागाचे एखादे जुने छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की त्याखाली हे वाक्य हमखास उमटते. रुंद रस्ता, घडीव दगडाच्या इमारती, एखाददुसरी घोडागाडी आणि माणूस जवळजवळ नाहीच. ही निवांत मुंबई कधी अस्तित्वात होती का? उत्तर त्याच छायाचित्रांत शोधू. #थ्रेड

२/
प्रथम एक आकडा. १८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाखांहून अधिक भरली होती. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. त्यातले शहर बाजारांनी, बंदरांनी आणि नाना जातीजमातींच्या माणसांनी गजबजलेले आहे. मग त्याच काळातील छायाचित्रांतले रस्ते ओस का?

३/
कारण कॅमेऱ्यात आहे. त्या काळी काचेच्या पट्टीवर कलोडियनचा लेप देऊन, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे. त्यासाठी भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे. इमारत जागची हलत नाही, म्हणून तिचा दगडन् दगड उमटतो. चालता माणूस मात्र काचेवर टिकत नाही. राहिलीच तर धुरकट सावली राहते. म्हणजे रस्ता रिकामा नव्हता, कॅमेऱ्याला गर्दी टिपता येत नव्हती. असे चित्र हाती आले की ते मोठे करून रस्त्याच्या कडा पाहाव्यात. थांबलेला गाडीवान, बसलेला विक्रेता, उंबऱ्यावरचा पहारेकरी तेथे सापडण्याची शक्यता अधिक.

४/
उलट प्रकारही घडत असे. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतील विविध समाजांच्या चित्रांचे दोन खंड काढले. त्यांतील माणसे वेगळी टिपून मुंबईतील दृश्यांवर बेमालूम चिकटवलेली आहेत. एके ठिकाणी असलेली माणसे दिसत नाहीत, दुसरीकडे नसलेली दिसतात. छायाचित्र हा पुरावा खरा. पण साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते, तशी त्याचीही करावी लागते.

५/
कॅमेरा केवळ साहेबाच्या हाती होता, असेही नाही. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली आणि तिच्यात भारतीय सभासद होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतील नामवंत छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण यांचाही मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय होता.

६/
आता शहराकडे वळू. ‘फोर्ट’ हे नाव उरले, किल्ला गेला. जुन्या कोटाला अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट असे तीन दरवाजे होते. सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना (१८६२ ते १८६७) तटबंदी पाडण्यात आली. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा दरवाजा तो चर्च गेट. आज रोज लाखो माणसे नसलेल्या दरवाजाच्या नावाचे तिकीट काढतात.

७/
तट पाडायला आणि बांधायला बळ आले ते कापसातून. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा पूर आला, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच त्यांपैकी कित्येक बुडाल्या. इमारती राहिल्या, दिवाळखोरी कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही.

८/
टाउन हॉलची (आजची एशियाटिक सोसायटी, पूर्ण झाली १८३३ मध्ये) सर्वांत जुनी चित्रे पाहा. समोर मोकळे मैदान दिसते, ते ‘बॉम्बे ग्रीन’. पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांच्या कल्पनेतून तेथे वर्तुळाकार बाग आणि तिच्याभोवती एकसारख्या कमानींच्या इमारती उभ्या राहिल्या. ते एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर त्याला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले. ब्रिटिश सरकारने १९१९ मध्ये हद्दपार केलेला हा इंग्रज!

९/
फ्लोरा फाउंटन मुळात राणीच्या बागेसाठी योजलेले होते. ते उभे राहिले जुन्या चर्च गेटच्या जागी. पोस्टकार्डांवर कारंज्याभोवती ट्रामगाड्या आणि व्हिक्टोरिया दिसतात. याच परिसरात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळ्या चालल्या. त्या लढ्यात शंभराहून अधिक जणांनी प्राण दिले, आणि चौक हुतात्मा चौक झाला. चित्रात मशाल धरलेले शेतकरी-कामगार नसतील, तर ते चित्र स्मारकापूर्वीचे.

१०/
माझे सर्वांत आवडते दृश्य राजाबाई टॉवरवरून पश्चिमेला पाहणारे. टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. जुन्या चित्रांत ओव्हल मैदान, पुढे कुलाब्याकडे जाणारे रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे थेट समुद्र! कुलाबा स्थानक १९३० च्या अखेरीस बंद झाले, बॅक बे भरून काढली गेली, आणि त्या नव्या जमिनीवर आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहिली. मैदानाच्या दोन बाजूंना दोन शतके समोरासमोर उभी आहेत. २०१८ मध्ये युनेस्कोने या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

११/
चित्राचा काळ ठरवायला वाहने फार उपयोगी. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये, मोटारबस १९२६ मध्ये. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. डोक्यावर विजेची तार असलेली ट्राम दिसत असेल आणि मथळ्यात ‘१८९०’ लिहिले असेल, तर मथळा खोटा आहे. तसेच ताजमहाल हॉटेल (१९०३) आहे आणि शेजारी गेटवे (१९२४) नाही, एवढ्यावरून दोन दशकांची चौकट मिळते.

१२/
पोस्टकार्ड असेल तर मागची बाजू आधी पाहा. १९०२ मध्ये ब्रिटनने पत्त्याच्याच बाजूला मजकूर लिहिण्याची मुभा दिली आणि ती पद्धत लवकरच सर्वत्र रूढ झाली. मागील बाजू मधोमध विभागलेली नसेल, तर कार्ड बहुधा त्याआधीचे. तिकिटावरचा राजा आणि टपालाचा शिक्का हे आणखी दोन साक्षीदार. मात्र शिक्क्याची तारीख कार्ड पाठवल्याची असते. चित्र त्याच्या कितीतरी आधीचे असू शकते.

१३/
रंगांवर विश्वास ठेवू नये. पुष्कळ कार्डांचे मूळ चित्र कृष्णधवल असे. त्यांवर रंग चढत ते जर्मनीतल्या छापखान्यांत, मुंबई कधीही न पाहिलेल्या कारागिरांच्या हातून. गुलाबी आकाश आणि हिरवेगार मैदान हा त्यांचा अंदाज आहे, मुंबईचा पुरावा नाही.

१४/
पुतळ्यांचे स्थलांतर हा स्वतंत्र अध्यायच आहे. काळा घोडा म्हणजे राजपुत्र एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. अल्बर्ट ससून यांनी दिलेला हा पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला आणि १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला. घोडा गेला तरी परिसराचे नाव राहिले. पुढे २०१७ मध्ये तेथे नवा घोडा आला, तो स्वाराविना. बोरीबंदरच्या स्थानकाची (पूर्ण १८८८) जुनी चित्रेही अशीच निरखा: घड्याळाखालील कोनाड्यात राणी व्हिक्टोरिया आहे. आज तो कोनाडा रिकामा आहे.

१५/
त्याच स्थानकावरचे नक्षीकाम करताना जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात राबले होते. पोस्टकार्डावर वास्तुकार स्टीव्हन्सचे नाव कधीतरी भेटते. दगड फोडणारे, वाहणारे, घडवणारे अनामच राहिले. निवांत मुंबईची हळहळ करताना आपण नकळत या माणसांना दुसऱ्यांदा पुसतो. पहिल्यांदा त्यांना कॅमेऱ्याने पुसले, तो त्याचा नाइलाज होता. आपला तसा नाही.

१६/
म्हणून एक विनंती. घरातल्या ट्रंकेत जुनी छायाचित्रे वा पोस्टकार्डे असतील तर दोन्ही बाजू स्कॅन करा, कडा कापू नका, आणि मागे लिहिलेले अक्षरन् अक्षर जपा. आजीआजोबांना चित्रातली जागा आणि माणसे विचारून ती नोंद आजच करून ठेवा. इमारतींची नावे पुढेही सापडतील. माणसांची नावे सांगणारे फार दिवस राहत नाहीत.