खानदेशांतील रुपया : नाणें आणि नोट

राज्यें कशीं बदललीं हें आमच्या इतिहासग्रंथांत सविस्तर सांगितलेलें असतें. परंतु त्या राज्यबदलांत सामान्य कुटुंबाच्या गांठीच्या पैशाचें काय झालें, याचा विचार फारसा आढळत नाहीं. सांठवलेलीं नाणीं देऊन नोटा घेणें ही गोष्ट वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक वाटते. दहा रुपये दिले, दहा रुपये घेतले; यांत नफा कोणता नि तोटा कोणता? तथापि एकट्या खानदेशापुरतें पाहिलें तरी रुपयाच्या या स्थित्यंतरास सव्वाशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांत काटकसरी माणसाचें बरेंच कांहीं पणास लागलेलें होतें, असें दिसून येईल.

१८१८ सालीं पेशवाई बुडून खानदेश इंग्रजी अंमलाखालीं गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळ्यास आपलें ठाणें केलें. त्या काळीं बाजारांत एकच रुपया नव्हता. चांदवडच्या टांकसाळींतील चांदोरी, पुण्याकडील अंकुशी, असे निरनिराळ्या छापांचे व कसांचे रुपये चालत. एका पेठेंतला रुपया दुसऱ्या पेठेंत द्यावयाचा तर सराफ त्यावर बट्टा कापून घेई. १८३५ च्या कायद्यानें कंपनीचा एकछापी रुपया आला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यांत शुद्ध रुपें १६५ ग्रेन. हा रुपया इतका नेमका होता कीं तराजूंत तो वजन म्हणूनहि चाले. ऐशीं रुपये भाराचा शेर सर्वांस ठाऊक झाला. जो रुपया वाजवून पाहतां येई, तोलतां येई आणि गरज पडल्यास आटवून मुलीच्या पायांतले वाळे करतां येत, त्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसला यांत नवल नाहीं.

नोटेची गोष्ट वेगळी होती. १८६१ च्या कायद्यानें नोटा काढण्याचा अधिकार सरकारनें आपल्याकडे घेतला. पण त्या नोटा मंडळवार असत. मुंबई मंडळाची नोट कलकत्ता मंडळांत कायदेशीर चलन नव्हे. म्हणजे रुपयावरून जो बट्टा उठला, तो कागदावर येऊन बसला. त्यांतून सर्वांत लहान नोट दहा रुपयांची. शेतमजुराचा तिच्याशीं संबंध येण्याचा संभवच नव्हता. पांचाची नोट १८७१ सालीं निघाली, आणि ब्रह्मदेशाखेरीज सर्व हिंदुस्थानांत ती चालावी असें ठरावयास १९०३ साल उजाडलें.

नोटांचा हा आरंभ चालू असतांनाच अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसास कधीं नव्हे तो भाव आला. कापूस मुंबईस गेला व रुपें गांवांत आलें. तें दागिन्यांत, भिंतीच्या कोनाड्यांत, जमिनींत पुरलेल्या गाडग्यांत जाऊन बसलें. यास कोणी अडाणीपणा म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. जेथें पावसाचा नेम नाहीं आणि विश्वासाची पेढी जवळ नाहीं, तेथें पुरलेला रुपया हाच विमा होता. १८९३ सालीं सरकारनें लोकांच्या रुप्याचे रुपये पाडून देणें बंद केलें, तेव्हां दागिन्यांतील रुप्याची किंमत रुपयाच्या दर्शनी किंमतीहून खालीं गेली. त्यामुळें १८९९-१९०० च्या दुष्काळांत ज्यानें रुपये पुरले होते तो पुरा भाव पावला. ज्यानें त्यांचे वाळे केले होते, त्यास खोट सोसावी लागली.

पहिल्या महायुद्धांत उलट घडलें. रुप्याचा भाव चढून रुपया आटवणेंच किफायतीचें होऊं लागलें. १९१७ सालीं सरकारनें एक रुपयाची नोट काढली, आणि पुढल्या वर्षीं नोटा मोडून घेणारांची गर्दी झाली तेव्हां अमेरिकेकडून मिळालेल्या रुप्यावर वेळ निभावली.

खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धांत झाली. जून १९४० मध्यें फ्रान्सचा पाडाव होतांच नाण्यांसाठीं धांवाधांव सुरू झाली. सरकारनें गरजेहून अधिक नाणीं सांठवणें हा गुन्हा ठरविला, एक रुपयाची नोट पुन्हां काढली, आणि वर्षअखेर रुपयांतील रुप्याचें प्रमाण बारांत अकरा भागांवरून निम्म्यावर आणलें. मग जुने रुपये पाळीपाळीनें चलनांतून काढले : व्हिक्टोरिया राणीचे १ एप्रिल १९४१ पासून, सातव्या एडवर्डचे १९४२ च्या मे-अखेरीनंतर, आणि पांचव्या व सहाव्या जॉर्जचे जुन्या कसाचे १ मे १९४३ पासून. मुदतींत गांठोडें घेऊन खजिन्यांत जावें, नाणीं मोजून द्यावीं आणि तितक्याच रकमेच्या नोटा किंवा नवे रुपये घ्यावे, असा हा व्यवहार होता.

आंकड्यांत कोणाची फसवणूक नव्हती. शंभरास शंभर मिळत. पण १६५ ग्रेन रुप्याऐवजीं ९० ग्रेनांचा रुपया हातीं आला, किंवा नुसता कागद आला. १९४७ च्या निकेलच्या रुपयांत तर रुपें मुळींच उरलें नाहीं. युद्धकाळांत धान्य व कापड महागलें, तसा रुप्याचा भावहि चढला. ज्यानें हुकूम पाळला त्याची बचत घटली. ज्यानें मोडला त्याच्याजवळ रुपें राहिलें. युद्धासाठीं धातूची निकड होती हें मान्य केलें तरी, आज्ञाधारकास तोटा व आज्ञा मोडणारास नफा देणारी व्यवस्था न्याय्य म्हणतां येत नाहीं.

दुसरी हानि इतिहासाची झाली. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ अखेर धुळ्यास वारले, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें. घरोघरच्या रुमालांतील जुने कागद वांचावे म्हणून त्यांनीं जन्म वेंचला. गाडग्यांतील नाण्यांस असा कैवारी लाभला नाहीं. त्यांतील पुष्कळशीं मुशींत गेलीं.

पुढें १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, आणि ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणीं चलनांतून उठलीं. डब्यांतील खुर्दा नेऊन नोटा आणण्याची घाई पुन्हां झाली. आणि पांचच वर्षांनीं, ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं, पांचशें व हजाराच्या नोटाच रद्द झाल्या. नाणें देऊन नोट घेणारा मनुष्य धातु देतो आणि वचन घेतो. तें वचन आपल्या हयातींत पाळलें जाईल कीं नाहीं, हा त्याचा प्रश्न अडाणी नव्हता. सव्वाशें वर्षांच्या अनुभवानें त्यास तो विचारावयास शिकविलें होतें, आणि त्याचें उत्तर देण्याची जबाबदारी प्रत्येक नव्या सरकारावर नव्यानें येत असते.